बाळ गंगाधर म्हणजे नेमके कोण?

6 जानेवारीला सकाळीच आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र आलं. वर लिहिलेलं, ‘मराठी पत्रकारितेचे जनक बाळ गंगाधर यांना विनम्र अभिवादन’. खाली पगडी, उपरणं आणि भरघोस मिशांचे लोकमान्य टिळक. दुपारपर्यंत तीसेक जणांनी हात जोडले. मग मुंबईहून एका काकांनी लिहिलं, ‘अरे, हे टिळक. पत्रकार दिन जांभेकरांचा असतो.’ चित्र टाकणाऱ्याने शांतपणे उत्तर दिलं, ‘पण नाव तर बरोबर आहे ना?’

नाव खरंच बरोबर होतं. बाळशास्त्री जांभेकरांचं पूर्ण नाव बाळ गंगाधर जांभेकर. जन्म 1812चा, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा. लोकमान्यांचा जन्म 1856चा, रत्नागिरीतला, आणि नाव बाळ गंगाधर टिळक. जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं 6 जानेवारी 1832ला. ‘केसरी’ निघाला 4 जानेवारी 1881ला. दोघांचं स्वतःचं नाव एक, वडिलांचं नाव एक, जुना जिल्हा एक, उद्योग वर्तमानपत्राचा आणि महिनासुद्धा जानेवारीच. एवढं जुळल्यावर माणूस चुकणार नाही तर काय करणार?

एवढ्यावर भागत नाही. 1937 साली मुंबई इलाख्याचं मंत्रिमंडळ ज्यांनी चालवलं आणि स्वातंत्र्यानंतर जे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, ते बाळासाहेब खेर. जन्म 1888चा, रत्नागिरीचा. नाव बाळ गंगाधर खेर.

मतदार याद्यांतल्या दुबार नावांवरून इतका गदारोळ झाल्यावर एकाच नावाची दोन माणसं असू शकतात, हे आता सगळ्यांना पटलंय. इतिहास वाचताना मात्र आपण ते विसरतो. म्हणून हा लेख.

## वाडीतले तीन गणपत

या घोळाला अभ्यासकांचा शब्द आहे नामसाधर्म्य, म्हणजे वेगवेगळ्या माणसांचं नाव सारखं असणं. शब्द जड आहे, गोष्ट आपल्या रोजच्या ओळखीची.

समजा, वाडीत तीन गणपत आहेत. गावात कोणी गोंधळत नाही. एक खालच्या आळीतला, एक गिरणीवाला, एक तांडेल. ‘गणपतकडे लग्न आहे’ असं कोणी सांगितलं तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘खंयच्या?’, म्हणजे कुठल्या? पोस्टमनला तर तेवढंही विचारावं लागत नाही. पाकीट बोरिवलीहून आलंय म्हणजे ते गिरणीवाल्याच्या मुलाचं, हे त्याला ठाऊक असतं.

आता कल्पना करा की ती वाडी तीनशे वर्षांपूर्वीच उठून गेली आणि हातात फक्त पत्रांचा गठ्ठा उरलाय, पत्ता नुसता ‘गणपत’. इतिहास अभ्यासणारा माणूस म्हणजे त्या गठ्ठ्यावर नेमलेला पोस्टमन. ‘खंयच्या?’ असं विचारायला त्याला कोणी उरलेलं नाही.

## पण नावं इतकी परत परत येतातच का?

नवी नावं सुचत नव्हती म्हणून नव्हे. नाव ही घरची ठेव होती, देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं, हा रिवाज आपल्याकडे एवढा पक्का की त्यावर गणित मांडता येतं. पेशव्यांचंच घर बघा. मूळचे श्रीवर्धनचे भट. बाळाजी विश्वनाथ 1720च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच डिसेंबरात त्यांच्या मुलाला, म्हणजे पहिल्या बाजीरावांना, मुलगा झाला. त्याचं नाव बाळाजीच. पुढचे नानासाहेब पेशवे ते हेच. नानासाहेबांच्या थोरल्या मुलाचं नाव विश्वासराव, म्हणजे नाव पणजोबांच्या वडिलांच्या, विश्वनाथांच्या, जवळ जाऊन पोचलं. मूळचे वेळासचे भानू घ्या. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादजी.

म्हणजे एका घरातले सारख्या नावाचे पुरुष बहुधा एक पिढी सोडून सापडतात. बाप-लेक एका नावाचे जवळजवळ नसतातच. मधे साधारण पन्नास-साठ वर्षं जातात. कागदावर साल असेल तर अर्धा घोळ तिथेच सुटतो.

याच रिवाजाला एक शेपूट आहे आणि ते फार गमतीचं आहे. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग त्याच नावाच्या पोराला ‘ए, इकडे ये, जेवायला चल’ असं हाकारायचं कसं? त्यातून घराघरात बाळ, नाना, बापू, भाऊ, अप्पा आले. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. त्यांच्या पणजोबांचं नाव केशवराव. हाक मारायचं ‘बाळ’ मात्र असं चिकटलं की इतिहासात तेच राहिलं. जन्मनावं आधीच मोजकी, आणि लाडाची नावं तर त्याहून मोजकी. कुणी मुद्दाम ठरवूनही एवढी चांगली गोंधळाची सोय केली नसती.

## नाना किती?

याचा पुरावा हवा असेल तर कोकणाशी नातं असलेले नाना मोजा. नानासाहेब पेशवे, पानिपतानंतर काही महिन्यांत 1761 साली वारले. नाना फडणवीस, पानिपतावरून जिवंत परतले आणि 1800पर्यंत कारभार केला. मुरबाडचे नाना शंकरशेट, मुंबईचे शिल्पकार, 1803 ते 1865. आणि 1857च्या उठावातले नानासाहेब, दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र धोंडोपंत, जन्म कर्जतजवळच्या वेणगावचा.

यातले पहिले आणि शेवटचे दोघेही ‘नानासाहेब पेशवे’ म्हणून ओळखले जातात. पुण्यात पर्वतीवर प्राण सोडणारे वेगळे आणि कानपूरला इंग्रजांशी लढणारे वेगळे. दोघांत जवळपास शतक आहे. शाळेत आम्हाला दोन्ही धड्यांत हे नाव भेटलं, पण ही दोन माणसं आहेत हे कोणी सांगितलं नाही. मी बराच काळ मनातल्या मनात एकाच माणसाला शंभर वर्षं जगवलं होतं.

हाकेच्या नावासारखाच घोळ पदव्यांचा. प्रतापगडाखाली 1659 साली मारला गेलेला अफझलखान हा मूळचा अब्दुल्ला, ‘अफझलखान’ हा किताब. आग्र्यात ‘चिनी का रौझा’ नावाची जी कबर आहे, तीही अफझलखानाचीच, पण ती शाहजहानच्या वजिराची आणि तो 1639लाच वारला होता. किताब म्हणजे दुकानाची पाटी. मालक बदलतो, पाटी तीच राहते.

## वसई, बाजीराव आणि चिमाजीअप्पा

हे तीन शब्द एकत्र वाचले की डोळ्यांसमोर 1739 येतं. पोर्तुगीजांच्या ताब्यातली वसई, चिमाजीअप्पांचा वेढा, मे महिन्यात मिळालेला विजय. थोरले बाजीराव तेव्हा पेशवे होते, चिमाजीअप्पा त्यांचे धाकटे भाऊ.

आता 1802वर या. पुण्यातून पळालेला दुसरा बाजीराव याच वसईत इंग्रजांच्या आश्रयाला आला आणि 31 डिसेंबरला त्याने वसईचा तह केला. मराठी राज्याच्या गळ्यात फास पडला तो इथे. या बाजीरावालाही धाकटा भाऊ होता आणि त्याचंही नाव चिमाजीअप्पा. 1796 साली त्याला काही काळ पेशवाईच्या गादीवरसुद्धा बसवलं होतं. हा योगायोग नाही. यांचे वडील राघोबादादा म्हणजे थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव. त्यांच्या एका मुलाला त्यांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला त्यांच्या चुलत्याचं नाव मिळालं. आजोबांची जोडीच्या जोडी घरात परत आली.

नाव तेच, गाव तेच, भावाचं नाव तेच. फक्त 63 वर्षांचं अंतर, आणि कर्तृत्वात जमीन-अस्मानाचं. ‘मोठा बाजीराव लागून गेलास काय?’ हे आपण चिडून म्हणतो तेव्हा मनात थोरला असतो. वसईच्या तहाचा राग मात्र अनेकदा दोघांच्या खात्यावर एकत्र मांडला जातो. थोरल्याला ती कर्जं फेडावी लागू नयेत, एवढं तरी आपण करू शकतो.

## आडनाव लावलं की संपलं ना?

हा पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. टिळक, जांभेकर, खेर हे कोडं आडनावाने लगेच सुटतं. अडचण अशी की जुन्या कागदांत आडनाव लिहिण्याची सवयच कमी. नाना फडणवीसांचं आडनाव भानू, हे आज किती जणांना आठवतं? पत्रात ते ‘बाळाजी जनार्दन’ असतात.

बरं, वडिलांचं नाव तर असतं ना? असतं. पण एक पिढी सोडून नाव ठेवायचा रिवाज मनात धरा आणि हिशोब करा. आमच्याच घरात असं आहे की आजोबांचं नाव थोरल्या भावाचं आणि पणजोबांचं नाव वडिलांचं. म्हणजे आजोबा आणि भाऊ यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, अक्षर न् अक्षर एक. वडिलांचं नाव विचारून तुम्ही तिथल्या तिथे गोल फिरता.

मग गाव विचारा. तेही बघून. महर्षी कर्वे मुरूडचे, असं वाचून माझे एक स्नेही रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला गेले, जंजिरा बघितला, मासे खाल्ले आणि कर्व्यांचं घर विचारत फिरले. कर्व्यांचं मुरूड दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला. ज्या मुलखात माणसं नावं परत वापरतात, त्या मुलखात गावांनी तरी का मागे राहावं? कुलाबासुद्धा दोन आहेत, एक मुंबईत आणि एक अलिबागच्या समुद्रात.

## तारखेवर तरी भरवसा ठेवावा?

सर्वांत जास्त भरवसा तिच्यावरच, पण डोळे उघडे ठेवून.

पहिली अडचण म्हणजे समकालीन माणसं. संभाजी म्हटलं की आपल्याला 1689च्या सुरुवातीला संगमेश्वरात पकडले गेलेले छत्रपती आठवतात. त्यांचं नाव त्यांच्या चुलत्याचं. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले होते. पण 1735च्या सुमाराचं एखादं पत्र काढलंत तर त्यात भेटणारा संभाजी या दोघांपैकी कुणीच नाही. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजारामपुत्र संभाजी होते, ज्यांनी 1731 साली शाहू महाराजांशी वारणेचा तह केला. आणि कोकण किनाऱ्यावर कान्होजींचे चिरंजीव संभाजी आंग्रे होते, सुवर्णदुर्गाकडची बाजू धरून भाऊ मानाजीशी भांडत बसलेले. इथे सालाचा उपयोग शून्य. मग बघायचं ते पत्रात उरलेलं सगळं. गलबतांचा, दस्तकांचा म्हणजे परवान्यांचा, जकातीचा विषय असेल तर आंग्रे. वतनाचा, सरहद्दीचा, वारणेच्या पाण्याचा असेल तर कोल्हापूर. मायना कसा घातलाय, शिक्का कुणाचा, नाव घेताना ‘सरखेल’ म्हणजे आरमारप्रमुख म्हटलंय का, हे सगळं पाकिटावरच्या बोरिवलीच्या शिक्क्यासारखं.

दुसरी अडचण म्हणजे तारीखच वेगळ्या भाषेत लिहिलेली असते. शके असेल तर 78 मिळवा, बहुतेक वेळा इसवी सन मिळतो. मराठी दफ्तरात मात्र ‘इहिदे’, ‘इसन्ने’, ‘सलास’ असे अरबी आकडे लिहिलेला शुहूर सन सारखा भेटतो. हा सन सुरू होतो मृगाला. होय, आपल्या मिरगाला, पेरणीच्या हिशोबाने. त्यात मिरग ते डिसेंबर 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मिरगापर्यंत 600 मिळवायचे. हा एकाचा फरक विसरलात की एक माणूस मरायच्या आधी किंवा मेल्यानंतर पत्र लिहू लागतो. मग अभ्यासक भोळेपणाने ठरवतो की हा दुसराच कोणी असणार. शिवाय मुंबईचे इंग्रज 1752पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत आणि गोव्याचे पोर्तुगीज नवं. वसईच्या वेढ्यातला एकच दिवस दोघांच्या कागदांत अकरा दिवसांच्या फरकाने उभा राहतो.

## विजयदुर्गाचा राजा भोज

हे मला स्वतःला सर्वांत आवडणारं कोडं. विजयदुर्ग किल्ला राजा भोजाने बांधला, असं परंपरेने सांगतात. ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो धारचा भोज, संस्कृतचा मोठा पंडित, म्हणीतला राजा. तो परमार घराण्यातला, अकराव्या शतकातला. परंपरा सांगते तो भोज मात्र कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला दुसरा भोज, बाराव्या शतकाच्या शेवटाला राज्य करणारा. पन्हाळ्याशी ज्याचं नाव जोडतात तोही हाच.

इथवर सोपं आहे. माळव्यातला भोज कोकणात कशाला येईल, असं म्हणून आपण पुढे जाणार, तेवढ्यात ताम्रपट आडवे येतात. धारच्या भोजाने 1020 साली दिलेल्या दोन दानपत्रांत दानाचं निमित्तच कोकण जिंकल्याचा सोहळा असं दिलंय. म्हणजे तो भोजही कोकणात आला होता, निदान त्याची फौज तरी. तेव्हा ‘कोकणातला भोज म्हणजे शिलाहार’ असा सरसकट नियम केला तर तोही फसतो. प्रत्येक कागदाला नव्याने ‘खंयचो?’ विचारावंच लागतं.

## उलटी चूक: एकाचे दोन

सारखी नावं म्हणजे नेहमी वेगळी माणसं, असं धरलं तर दुसऱ्या खड्ड्यात पडाल. ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव एकच की दोन, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात कडाक्याचा वाद झाला होता. उलट नेताजी पालकरांचं बघा. मोगलांनी त्यांना मुसलमान केलं, नाव दिलं महंमद कुलीखान, आणि 1676 साली ते परत शिवाजी महाराजांकडे आले. कागदावर दोन नावं, माणूस एकच.

आणि एक प्रकार असा की नाव मुद्दाम चोरलं जातं. पानिपतात 14 जानेवारी 1761ला सदाशिवरावभाऊ पडले, पण भाऊ जिवंत आहेत ही वावडी काही मरेना. काही वर्षांनी एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण होता. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. पुढे तो सुटला आणि भाऊंच्या नावावर लोक जमवत त्याने कोकणातला बराच मुलूख बळकावला. अखेर पेशव्यांच्या फौजेपुढे हरून समुद्रमार्गे पळताना तो रघुजी आंग्र्यांच्या हाती लागला. 1776 साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. हा भाऊसाहेबांचा तोतया. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नुसत्या नावावर किल्ले मिळू शकत होते, एवढं त्या नावाचं वजन.

## चुकलं तर चुकलं, आपल्याला काय?

व्हॉट्सअॅपवर चुकीचा फोटो गेला तर कोणाचं दिवाळं निघत नाही, हे खरं. पण आता लोक प्रश्न विचारतात ते संगणकाला, आणि तो नावावर नाव टाकून उत्तर शिवतो. एका नानांचा जन्म, दुसऱ्या नानांचा मृत्यू, तिसऱ्याचं चित्र. वाचायला ते अगदी सफाईदार असतं. विकिपीडियाने यासाठी वेगळी पानं ठेवली आहेत, एका नावाखाली ‘हे की ते?’ अशी यादी देणारी. त्यांचं मराठी नाव ‘निःसंदिग्धीकरण’. ते उच्चारताना जीभ अडखळते, पण पान उपयोगाचं असतं. ग्रंथालयातले लोक तर फार आधीपासून नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लिहीत आलेत.

खरा चटका बसतो तो तलाठ्याकडे. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं. ते गेल्यावर वारसांची नोंद घरच्यांनी केलीच नाही, आळस आमचाच. पुढे भाऊ कसू लागला. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. कागदावर एकच माणूस ऐंशीच्या वर वर्षं भात लावत होता. घोटाळा उघड झाला तो भाऊ गेल्यावर. वारस लावायला गेलो तर पहिला प्रश्न आला, मयत नेमके कोण? आजोबांचे वारस धरले तर आत्या आणि त्यांची मुलंबाळं येतात, भावाचे धरले तर फक्त वहिनी आणि पुतण्या. मग जुने फेरफार, शाळेचा दाखला, मृत्यूची नोंद असं एकेक काढत दोन माणसं वेगळी करावी लागली. मी संभाजींच्या पत्रांबद्दल वाचत होतो तेच, फक्त इथे दफ्तर आमचं होतं.

दोघे वेगळे झाले, फेरफारही झाला. पुतण्याला गेल्या महिन्यात मुलगा झालाय. बारसं गणपतीनंतर आहे, आणि नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चासुद्धा झालेली नाही. वहिनी त्याला आत्तापासून ‘बाबू’ म्हणते.